आधी शब्द, मग चौघडा

घरातल्या सगळ्यांनी एकत्र बसून काही ऐकायचे, ही सवय आपल्याकडे जवळजवळ संपली होती. रेडिओ मागे पडला, टीव्ही आला आणि आता तर ज्याचा त्याचा मोबाइल, ज्याचे त्याचे इअरफोन. अलीकडे मात्र बाह्यरुग्ण विभागात रक्तदाबाच्या किंवा साखरेच्या तपासणीला येणाऱ्या ज्येष्ठांना ‘संध्याकाळ कशी जाते?’ असे विचारले की कधीकधी वेगळे उत्तर मिळते. ‘नात मोबाइलवर कादंबरी लावते, आम्ही सगळे बसून ऐकतो.’ कोणती कादंबरी, तर बहुतेक वेळा ऐतिहासिक. शिवकाल, पेशवाई, पानिपत. मोतीबिंदूमुळे किंवा मधुमेहाने डोळ्याच्या पडद्यावर झालेल्या परिणामामुळे ज्यांचे वाचन सुटले, त्यांच्या हाती पुस्तक पुन्हा आले आहे. इंग्रजी माध्यमात शिकणाऱ्या आणि मराठी अडखळत वाचणाऱ्या नातवंडांनाही तेच पुस्तक मिळाले आहे. डॉक्टर म्हणून मला ही गोष्ट मनापासून आवडते.

तक्रार आहे ती संगीताबद्दल. निवेदक बोलत असतो आणि मागे सनई, चौघडा, घोड्यांच्या टापा, तलवारींचा खणखणाट, शिवाय रात्रीचा प्रसंग असला की रातकिडे. यामुळे प्रसंग जिवंत होतो, असे निर्मात्यांना वाटते. तरुण कानांसाठी होतही असेल. पण घरात हे ज्यांच्यासाठी लावलेले असते ते दोघे, म्हणजे सत्तरी ओलांडलेली आजी आणि आठ-दहा वर्षांचा नातू, नेमके त्या संगीतामुळेच कथेबाहेर पडतात.

वय वाढते तशा आतल्या कानातल्या सूक्ष्म पेशी झिजू लागतात आणि वरच्या पट्टीतले आवाज टिपणाऱ्या पेशी आधी जातात. आपल्या बोलण्यातले आ, ओ, ऊ हे स्वर खालच्या पट्टीत आणि जोरकस असतात. स, श, फ, थ, ट अशी व्यंजने वरच्या पट्टीतली आणि क्षीण. बोलण्याचा जोर स्वरांत आणि अर्थ बराचसा व्यंजनांत, अशी ही वाटणी आहे. म्हणून ज्येष्ठ माणूस सांगतो, ‘ऐकू येतं हो डॉक्टर, पण समजत नाही.’ घरच्यांना हे वाक्य आडमुठेपणाचे वाटते. प्रत्यक्षात ते शरीरशास्त्राला धरून, अगदी नेमके असते. शांत खोलीत मेंदू गाळलेल्या जागा संदर्भाने भरून काढतो. मागे वाद्ये वाजू लागली की तेही जमत नाही. मग फौज साठ हजारांची होती की आठ हजारांची, इथपासून घोटाळा सुरू होतो.

नातवाची अडचण उलटी आहे. त्याचे कान उत्तम असतात, पण गोंगाटातून बोलणे वेगळे काढण्याची मेंदूची क्षमता किशोरवयापर्यंत पक्व होत असते. त्यातून ऐतिहासिक कादंबरीची भाषा. खलिता, मसलत, पडाव, शिलेदार, फडणीस. माहीत असलेला शब्द अर्धवट ऐकू आला तरी माणूस तो पुरा करतो. माहीतच नसलेला शब्द पुरा कसा करणार? म्हणजे आजीला शब्द माहीत असतो, ऐकू येत नाही; नातवाला ऐकू येतो, माहीत नसतो. दोघे शेजारी बसले तर एकमेकांची उणीव भरून काढू शकतात. एकत्र ऐकण्याचा खरा फायदा मला इथे दिसतो. मागचे संगीत मात्र दोघांचीही बाजू एकाच वेळी कमकुवत करते.

‘आवाज वाढव’ हा यावर उपाय नाही. आवाज वाढवला की निवेदकाबरोबर चौघडाही वाढतो. शिवाय वयोमानाने झिजलेल्या कानाचा एक विचित्र स्वभाव असतो: हळू आवाज त्याला कळत नाही आणि थोडा मोठा केला की एकदम बोचतो. ‘आधी म्हणते ऐकू येत नाही, मग म्हणते ओरडू नका,’ असे सुना-मुले वैतागून सांगतात, त्याचे कारण हे आहे. खरा प्रश्न एकूण आवाजाचा नसून शब्द आणि संगीत यांच्यातल्या फरकाचा आहे. संकेतस्थळे सर्वांना वापरता यावीत म्हणून केलेल्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांच्या सर्वांत वरच्या पातळीवर यासाठी एक आकडा दिला आहे: पार्श्वभूमीचा आवाज बोलण्यापेक्षा किमान २० डेसिबलने कमी हवा. कानाला तो साधारण चौपट हळू वाटतो. इतके खाली गेलेले संगीत कुणाला कळणारही नाही, असे एखादा ध्वनिसंयोजक म्हणेल. मग बोलणे सुरू असताना ते ठेवावेच कशाला?

आपल्या कीर्तनकारांना हे फार आधीपासून ठाऊक आहे. उत्तररंगात आख्यान रंगात आलेले असते, बुवा बोलत असतात, तेव्हा पेटी-तबला थांबतो किंवा अगदी खाली जातो. पद आले की साथ उसळते. शब्दाच्या वेळी शब्द, सुराच्या वेळी सूर. मागच्या रांगेतल्या, कान मंद झालेल्या म्हातारीपर्यंत गोष्ट पोचते ती अशी, आणि तीही कित्येकदा ध्वनिवर्धकाशिवाय. याच्या जोडीला एक वैद्यकीय निरीक्षण सांगतो. इटलीतल्या लुचिआनो बर्नार्डी आणि सहकाऱ्यांनी २००६ साली ‘हार्ट’ या नियतकालिकात २४ जणांवरचा एक छोटा अभ्यास प्रसिद्ध केला होता. द्रुत लयीच्या संगीताने श्वसन, नाडी आणि रक्तदाब वाढत होते, हे अपेक्षितच होते. पण संगीताच्या मध्ये दोन मिनिटांची शांतता ठेवली तेव्हा ते सुरुवातीच्या पातळीपेक्षाही खाली उतरले. सर्वांत जास्त आराम शांततेने दिला, आणि तो संगीतानंतर आलेल्या शांततेने. अभ्यास लहान आहे, त्यावर मोठा इमला बांधू नये. पण सलग दहा-बारा तास वाद्यांची चादर अंथरणाऱ्यांनी तो वाचायला हरकत नाही.

आता फायद्यांबद्दल, कारण या विषयावर समाजमाध्यमांत बरेच काही फिरत असते. ऐकणे म्हणजे वाचनाची हलकी प्रत, हा समज बरोबर नाही. बर्कलीच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१९ मध्ये दाखवले की तीच गोष्ट वाचली काय किंवा ऐकली काय, अर्थ लावताना मेंदूचे जवळजवळ तेच भाग त्याच पद्धतीने काम करतात. आणखी एक मजेदार प्रयोग २०२१ चा. ज्यूल्स व्हर्नच्या समुद्राखालच्या सफरीच्या कादंबरीतले उतारे लोकांना वेगवेगळे बसवून ऐकवले. त्यांच्या हृदयाची गती गोष्टीतल्या त्याच त्या ठिकाणी एकसारखी कमी-जास्त होत होती. लक्ष दुसरीकडे वळवले की हा मेळ विस्कटत होता. म्हणजे एका सोफ्यावर बसणे पुरेसे नाही. हातात मोबाइल घेऊन बसलेले बाबा त्या मेळात नसतात.

‘ऑडिओबुक ऐका, स्मृतिभ्रंश टाळा’ हे मात्र मी कुणाला सांगणार नाही. फिनलंडमधील टेप्पो सार्कामो यांच्या गटाने २००८ मध्ये पक्षाघाताच्या ६० रुग्णांवर अभ्यास केला. काहींना दोन महिने रोज आवडीचे संगीत, काहींना ऑडिओबुक, तर काहींना यातले काहीच नाही. शब्दांची स्मृती आणि एकाग्रता अधिक सुधारली ती संगीत ऐकणाऱ्यांची. ऑडिओबुकच्या गटाला तसा लाभ दिसला नाही. हे वाचून कुणी विचारेल, मग संगीताला विरोध का? विरोध नाहीच. संगीत ऐकायचे तर संगीत ऐकावे, आवडीचे आणि पूर्ण लक्ष देऊन. निवेदकाच्या शब्दांवर ओतलेले संगीत ही वेगळी गोष्ट आहे.

संगीताचा दुसरा परिणाम कानावर नाही, आठवणीवर होतो. अमेरिकेत २००९ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात विद्यार्थ्यांना इतिहासाचा अचूक उतारा वाचायला दिला आणि त्याच विषयावरच्या लोकप्रिय चित्रपटाचा भाग दाखवला. जिथे दोन्ही जुळत होते तिथे चित्रपटामुळे माहिती जास्त लक्षात राहिली. जिथे चित्रपटाने इतिहास बदलला होता तिथे अनेकांना चित्रपटातली चूकच आठवली, आणि ‘आम्ही हे उताऱ्यात वाचले’ असे ते खात्रीने सांगत होते. ‘चित्रपटात चुका असू शकतात’ अशी मोघम सूचना देऊन फरक पडला नाही. ‘हे असे दाखवले आहे, प्रत्यक्षात तसे नव्हते’ असे नेमके सांगितले तेव्हा पडला. चित्रपटावरचा निष्कर्ष ऑडिओबुकला जसाच्या तसा लागू होईल असे नाही. पण आवाज, वाद्ये आणि भावना यांनी प्रसंग मनावर कोरला जातो, हीच तर निर्मात्यांची जाहिरात असते. कोरला जातो, तेव्हा लेखकाची कल्पनाही त्याबरोबर कोरली जाते.

माझ्या विषयाजवळचे उदाहरण घेतो. रणजित देसाई यांची ‘स्वामी’ १९६२ साली आली आणि थोरले माधवराव पेशवे घराघरांत पोचले. माधवराव १७६१ मध्ये, सोळाव्या वर्षी पेशवे झाले आणि नोव्हेंबर १७७२ मध्ये थेऊरला क्षयाने गेले, हा इतिहास. रमाबाई सती गेल्या, हाही इतिहास. त्या दोघांचे एकांतातले बोलणे ही कादंबरीकाराची निर्मिती. ती सुंदर आहे, पण निर्मिती आहे. दहा वर्षांच्या मुलाला या दोन गोष्टी एकाच आवाजात, एकाच सनईबरोबर ऐकू येतात. त्याने फरक कसा ओळखावा? तसेच ‘ध’ चा ‘मा’. नारायणराव पेशव्यांचा खून ३० ऑगस्ट १७७३ रोजी शनिवारवाड्यात झाला, याबद्दल वाद नाही. आनंदीबाईंनी चिठ्ठीतले एक अक्षर बदलले, ही परंपरेने चालत आलेली गोष्ट, आणि तिच्याबद्दल अभ्यासकांनी शंका घेतल्या आहेत. कादंबरीत ती यायला काहीच हरकत नाही. घरात कुणीतरी एवढे म्हटले पाहिजे की बाळा, हे सांगतात असे.

त्यासाठी थांबवायचे बटण वापरायला हवे. ते दाबले की आजी खलिता म्हणजे काय ते सांगते, आणि नातू विचारतो की पेशव्याला औषध का नाही दिले? हा प्रश्न विचारला गेला की माझ्या धंद्याचे सगळे त्या दिवाणखान्यात येते. क्षयाचा जंतू रॉबर्ट कॉख यांनी १८८२ मध्ये दाखवला. पहिले परिणामकारक औषध स्ट्रेप्टोमायसिन १९४३ मध्ये हाती आले. माधवरावांच्या वेळी हा रोग जंतूने होतो हेच ठाऊक नव्हते. आज औषधांना दाद देणारा क्षय साधारण सहा महिन्यांच्या उपचारांनी बरा होतो आणि सरकारी रुग्णालयांत ती औषधे मोफत मिळतात. घरात कुणाला दोन आठवड्यांहून जास्त खोकला असेल, तर त्याच क्षणी सगळ्यांचे लक्ष तिकडे जाते. आरोग्यशिक्षणाची किती भित्तिपत्रके लावून हे साधले असते, देव जाणे.

१९५५-५६ मध्ये पुणे आकाशवाणीवरून ‘गीत रामायण’ प्रसारित झाले तेव्हा ५६ गीते आठवड्याला एक या गतीने आली. पुढचे गीत येईपर्यंत सात दिवस बोलायला मोकळे. आता अख्खी कादंबरी शनिवार-रविवारी संपवता येते आणि संपवल्याचा अभिमानही बाळगला जातो. मला अर्ध्या तासाचा एक भाग आणि त्यावर पंधरा मिनिटांच्या गप्पा हे प्रमाण बरे वाटते.

घरी करता येण्यासारख्या गोष्टी साध्या आहेत. स्पीकर टीव्हीच्या फळीवर न ठेवता आजीच्या जवळ ठेवा. मोकळ्या जागेत अंतर निम्मे केले की आवाज सुमारे ६ डेसिबलने वाढतो. खोलीत थोडा कमी, पण फरक नक्की कळतो, आणि इतरांच्या कानठळ्या बसत नाहीत. खडखडणारा पंखा आणि स्वयंपाकघरातला मिक्सर तेवढा वेळ बंद. नुसत्या फरशीच्या, पडदे नसलेल्या खोलीत आवाज घुमतो, म्हणून सतरंजी अंथरली तरी उपयोग होतो. वाचनाची गती ०.९ किंवा ०.८ करून पाहा. इअरफोन लावून ऐकणाऱ्या मुलांसाठी जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा ७५ डेसिबल, आठवड्याला ४० तास अशी आहे. आवाज ३ डेसिबलने वाढवला की हा वेळ निम्मा होतो. कादंबरी निवडताना नमुना ऐका. त्याच कथेचे संगीताशिवायचे वाचन उपलब्ध असेल तर आजीसाठी ते घ्या. निर्मात्यांनीही दोन्ही आवृत्त्या द्याव्यात किंवा संगीत बंद करण्याची सोय ठेवावी. शब्द आणि संगीत ते वेगवेगळेच ध्वनिमुद्रित करतात, तेव्हा हे अशक्य नाही.

आणि हे सगळे करूनही आजी मध्येच उठून जात असेल, भलत्या ठिकाणी हसत असेल, ‘कोण मेलं?’ असे तिसऱ्यांदा विचारत असेल, तर ‘आता विसरायला लागली’ असे आपापसांत ठरवू नका. ‘लॅन्सेट’च्या आयोगाने २०२४ मध्ये स्मृतिभ्रंशाची टाळता येण्यासारखी १४ कारणे सांगितली, त्यांत कमी ऐकू येणे हे एक आहे. तेव्हा आधी कान तपासा. जिल्हा रुग्णालयाच्या कान-नाक-घसा विभागात दाखवा आणि ऑडिओमेट्री म्हणजे श्रवणचाचणी करून घ्या. तिला सुई टोचावी लागत नाही आणि सहसा अर्ध्या तासात होते. कधीकधी नुसता साचलेला मळ निघतो आणि आजी त्याच संध्याकाळी पुढचा भाग ऐकायला बसतात.