'आवाज खराब होता' म्हणे!

कुठल्याही संस्थेचा माहितीपट लावा. डोक्यावर हंडे घेतलेली बाई चढण चढून येते, मागे बासरी वाजते आणि एक भारदस्त पुरुषी आवाज तिचं दुःख प्रमाण मराठीत आपल्याला समजावून सांगतो. बाईचे ओठ हलताना दिसतात. ती काय म्हणते आहे? ते मात्र ऐकू येत नाही. विचारलं की उत्तर ठरलेलं : "काय करणार ताई, आवाज खराब होता."

सुरगाणा तालुक्यात वनहक्काचं काम करताना हे उत्तर मी इतक्यांदा ऐकलंय की ते मला आता तांत्रिक कारण वाटतच नाही. चित्र बिघडलं तर हीच मंडळी गाडी करून पुन्हा पाड्यावर येतात. आवाज बिघडला तर बासरी लावतात.

२०१८ च्या मार्चमध्ये नाशिकहून मुंबईला शेतकऱ्यांचा लाँग मार्च गेला, त्यात आमच्या तालुक्यातल्या बायका मोठ्या संख्येने होत्या. त्यांच्या सोललेल्या पायांचे फोटो देशभर छापले गेले. ते पाय ज्यांचे होते त्या बाया वाटेत काय बोलत होत्या, हे कितीजणींना आठवतं?

एका ग्रामसभेतली गोष्ट सांगते. तिथे एका विधवा बाईने आपल्या प्लॉटबद्दल सविस्तर निवेदन केलं. उतार कोणी साफ केला, नागली कधीपासून लावतो, बांध कोणी घातला, सगळं. २००६ च्या वनहक्क कायद्यात आदिवासी दावेदाराचा कब्जा १३ डिसेंबर २००५ च्या आधीचा असावा लागतो, आणि नियमांनुसार गावातल्या जाणत्या माणसांनी सांगितलेली हकिगत लिहून घेतली तर ती पुरावा म्हणून चालते. त्याच नियमांत ग्रामसभेला हजर असलेल्यांत किमान एक तृतीयांश बायका हव्यात असंही आहे. म्हणजे बाईने नुसतं येऊन बसावं एवढंच कायद्याला अपेक्षित नाही, तिचं बोलणं नोंदलं जावं हेही आहे. शूटिंग करणाऱ्या संस्थेच्या फिल्ममध्ये ही बाई दहा सेकंद दिसते. मुकी.

मी मूळ फाइल मागून घेतली. हेडफोनवर आवाज येत होता, जरा पोकळ, पण शब्द न् शब्द कळत होता. कॉम्प्युटरच्या स्पीकरवर लावला की गायब! कारण शोधलं तेव्हा कळलं, की सभेच्या माइकची तार कॅमेऱ्याला चुकीच्या जोडाने लावली होती. त्यामुळे डाव्या आणि उजव्या बाजूला एकच आवाज गेला होता, पण एका बाजूची लहर दुसरीच्या बरोबर उलट. दोन्ही एकत्र केल्या की एकमेकींना खाऊन टाकतात आणि शून्य उरतं. उपाय काय? एक बाजू काढून टाकायची, उरलेली दोन्हीकडे लावायची. दोन मिनिटांचं काम. त्या दोन मिनिटांसाठी एका बाईचं म्हणणं कापलं गेलं.

मोबाइलच्या शूटिंगचा घोळ निराळा. मोबाइल सेकंदाला ठरावीक चित्रं घेत नाही, उजेड कमी झाला की पुष्कळ फोन चित्रांची संख्या आपोआप उतरवतात. एडिटिंगच्या सॉफ्टवेअरला मात्र गती एकसारखी हवी असते. मग सुरुवातीला ओठ आणि शब्द जुळतात आणि दहाव्या मिनिटाला भलतीकडेच जातात. आता विचार करा, मैत्रिणींनो, उजेड कुठे कमी असतो? चुलीपाशी, घरात. पुरुष अंगणात खुर्चीवर बसून मुलाखत देतो, बाई भाकरी थापता थापता बोलते. म्हणजे बिघडायचं ते बहुतेक तिचंच बिघडतं! यावर हँडब्रेक नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे. त्यात फाइल घालून चित्रांची गती 'कॉन्स्टंट' करायची आणि ती नवी फाइल एडिटिंगला घ्यायची.

वेगळ्या रेकॉर्डरवरचा आवाज चिरका आणि घाईघाईचा वाटला तर नमुन्यांची गणती तपासा. सेकंदाला ४४,१०० नमुन्यांचा आवाज ४८,००० चा समजून वाजवला गेला की तासाचं बोलणं ५५ मिनिटांत आटपतं. व्हॉट्सअॅपवर आलेला व्हॉइस मेसेज सॉफ्टवेअर उघडत नसेल तर त्याची आधी वेव्ह फाइल करून घ्यावी. आणि कधी कधी तर काहीच बिघडलेलं नसतं. प्रीमियरसारखं सॉफ्टवेअर नव्या फाइलचा आवाज आधी आपल्या पद्धतीने तयार करून घेतं, खाली कोपऱ्यात पट्टी सरकत असते, ती पुरी होईपर्यंत शांतता. एवढा धीर न धरता 'आवाज नाही' म्हणून मोकळे होणारे एडिटर मी पाहिलेत.

"आपल्याकडे तशी माणसं नाहीत," असं आपल्याच संघटनांतल्या बायका म्हणतात तेव्हा जास्त वाईट वाटतं. १९८४ साली अहमदाबादच्या 'सेवा'त कष्टकरी बायका व्हिडिओ शिकल्या. त्यातल्या काहींना लिहिता-वाचता येत नव्हतं. आमच्या शिबिरात आजही पोरगे कॉम्प्युटरपुढे बसतात आणि पोरी चहा आणतात. मी एम. एस. डब्ल्यू. केलं तेव्हा दस्तऐवजीकरणावर व्याख्यानं झोडली गेली, पण तार कुठे खोचायची हे कोणी दाखवलं नाही. ते पाड्यावर येऊन शिकले.

राहिला भाषेचा मुद्दा. फाइल दुरुस्त झाल्यावर दुसरं कारण पुढे येतं : "कोकणा बोली प्रेक्षकांना कळत नाही." खाली मराठीत ओळी द्या की! परदेशी सिनेमे आपण तसेच बघतो ना? पण तिच्या तोंडावर दुसऱ्याचा आवाज चढवायचा आणि त्याला 'वंचितांचा आवाज' म्हणायचं, हे चालणार नाही.

म्हणून आम्ही काही पाड्यांवर ठरवलंय, की शूटिंगला येणाऱ्या संस्थेकडून आधी लेखी घ्यायचं. मूळ फाइलची प्रत ग्रामसभेकडे राहील. बोलणाऱ्या बाईला तिचं बोलणं ऐकवल्याशिवाय कापायचं नाही. आवाजात बिघाड निघाला तर फाइल आमच्या मुलींना दुरुस्तीला द्यायची. दोन संस्थांनी सही केली. तिसरी म्हणाली, विचार करून कळवतो.