गोमुखाची वाट आणि वालधुनीचा कांठ

अंबरनाथ-बदलापुरांतील उत्साही मंडळी गोमुखयात्रेचे बेत आंखतात, तेव्हां त्यांची दक्षता वाखाणण्याजोगी असते. गंगोत्री हिमनदीचें हें मुख सुमारें ४,००० मीटर उंचीवर. म्हणून विरळ हवा सोसावी यासाठीं मुक्काम करीत चढावयाचें, दिवसास १५० जणांनाच मिळणारा परवाना आधीं काढावयाचा, वाटेंत कपटाहि टाकावयाचा नाहीं, सारें ठरलेलें!

मग कल्याणला गाडींतून उतरतांच हा संयम जातो कोठें? शके ९८२ मधील (इ. स. १०६०) अंबरनाथाच्या शिवालयास लागून वाहणारी वालधुनी पुढें उल्हासनगरांतून जातांना रसायनें व सांडपाणी पोटांत घेऊन काळवंडते. "दोष कारखान्यांचा, आम्ही काय करणार?" असें म्हणणें सोयीचें आहे. पण घरांतील सांडपाणी व कचरा आपलाच. कारखानदारास व पालिकेस जाब विचारण्याचा हक्कहि आपलाच. हिमनदी मागें हटते म्हणून हळहळावें आणि दाराशीं मरणाऱ्या नदीकडे पाठ फिरवावी, ही भक्ति नव्हे.

गोमुखास अवश्य जावें. मात्र ज्या हातानें परवान्यासाठीं अर्ज लिहिला, त्याच हातानें एक अर्ज वालधुनीसाठींहि लिहावा. आणि तो निकालांत निघेपर्यंत पालिकेच्या पायऱ्या चढण्याचा कंटाळा करूं नये.