येशू केवळ आदर्श नव्हे



‘येशू हा श्रद्धेचा केवळ आदर्श’ हे गेल्या अंकातील पत्रलेखकाचे म्हणणे मला मुळीच पटत नाही. आदर्शांची यादी ‘इब्री लोकांस पत्र’च्या 11व्या अध्यायात आहेच: हाबेल, अब्राहाम, मोशे, अगदी यरीहोची राहाबसुद्धा. पण वचनाचे फळ त्यांच्या हाती पडले नाही, असेही तिथेच म्हटले आहे. म्हणून 12व्या अध्यायात नजर येशूकडे वळते.

येशू श्रद्धेचा नुसता आदर्श दाखवत नाही, ती सांभाळतोही. त्याचा शिष्य पेत्र याचेच पाहा. अंगणात शेकोटीजवळ बसला असता एका दासीच्या बोलण्याला घाबरून त्याने गुरूला नाकारले. कोंबडा आरवेपर्यंत तीनदा! तरी त्याचा विश्वास पार ढासळला नाही, कारण येशूने त्याच्यासाठी आधीच प्रार्थना केली होती. पुढे पेंटेकॉस्टच्या दिवशी यरुशलेमेत, भर गर्दीत, हाच पेत्र उभा राहून येशूविषयी बोलला. नुसत्या आदर्शाला हे कसे साधले असते, ते पत्रलेखकाने सांगावे.

– एक वाचक