सातव्या जागेचा हिशेब

पाच आसनांच्या मोटारीत सहावे माणूस कोण, हा प्रश्न घरात मोठ्याने विचारला जात नाही. त्याचे उत्तर मात्र बहुतेक घरांत ठरून गेलेले असते. गावी कार्य निघते, मुलांना सुट्टी लागते, सामान बांधले जाते आणि घरातील सर्वांत वयस्क व्यक्ती आपण होऊन सांगते, "तुम्ही जाऊन या. घर बंद ठेवू नये." या वाक्यातील घराची काळजी खरी असते, पण गाडीत जागा नाही, हेही त्या व्यक्तीने आधीच मोजलेले असते. इंदूर, बडोदे, हैदराबाद किंवा बंगळूर येथे नोकरीनिमित्त स्थिरावलेल्या आणि वर्षातून एकदा तरी मूळ गावी जाणाऱ्या मराठी कुटुंबांत दुसरे मूल झाल्यावर, किंवा आईवडील कायमचे राहावयास आल्यावर, हे वाक्य हमखास ऐकू येते.

अशा घराने सात आसनांचे वाहन घेण्याचा विचार केला, तर त्यास चैन म्हणणे अन्यायाचे आहे. मात्र ही खरेदी बहुधा चुकीच्या मापाने केली जाते. जाहिरातीतील आसने मोजली जातात. त्या आसनांवर नेमके कोण बसणार, आणि किती वर्षे बसणार, हे मोजले जात नाही.

भारतात हा प्रकार नवा नाही. मारुती व्हॅन 1984 मध्ये आली आणि पुढे ओम्नी या नावाने घरोघरी पोहोचली. सरकता दरवाजा, 796 सीसीचे छोटे इंजिन आणि आत शिरण्यास सोपी अशी ही गाडी शाळेची मुले, रुग्ण, मंडपाचे सामान, असे सर्व काही वाहत राहिली; 2019 मध्ये तिचे उत्पादन थांबले. टाटांची सुमो 1994 ची. तिचे नाव जपानी कुस्तीवरून नव्हे, तर सुमंत मुळगावकर यांच्या नाव-आडनावाच्या आद्याक्षरांवरून आले, हे मराठी वाचकांस ठाऊक असेलच. 2000 मध्ये क्वालिस, 2005 मध्ये इनोव्हा आणि 2012 मध्ये अर्टिगा आली. अर्टिगामुळे सात आसनांचे वाहन पगारदार कुटुंबाच्या आवाक्यात आले. तोपर्यंत अशा गाड्यांकडे भाड्याचे वाहन म्हणूनच पाहिले जाई.

आता तिसऱ्या रांगेविषयी. ही रांग मागच्या चाकांच्या वर किंवा त्यांच्याही मागे येते, त्यामुळे रस्त्यावरील प्रत्येक खड्डा तेथे अधिक जाणवतो. आसन जमिनीलगत असल्याने गुडघे वर येतात. तेथे पोहोचण्यासाठी मधले आसन दुमडून, वाकून, एक पाय आत टाकावा लागतो. दहा वर्षांच्या मुलास ही गंमत वाटते. सत्तरीच्या आजीस ती शिक्षा ठरते. म्हणून सातवे आसन हे ज्येष्ठांसाठी आसन नव्हेच. सात आसनी वाहन घेण्याचे खरे कारण असे असावे, की मुले मागे गेल्यामुळे मधली रांग आजी-आजोबांना मोकळी मिळते. ज्या घरात मुले अजून लहान, म्हणजे बालआसनात बसण्याच्या वयाची आहेत, तेथे हे गणित बिघडते. लहान मुलाचे आसन मधल्या रांगेत बसवावे लागते आणि कोणातरी मोठ्यास मागे जावे लागते. अशा कुटुंबाने मधल्या रांगेत दोन स्वतंत्र आसने असलेला सहा आसनी प्रकार अवश्य पाहावा. एक जागा कमी होते, पण मधून मागे जाण्यास वाट मिळते आणि कोणासही आसन दुमडून चढावे लागत नाही.

सात माणसे बसली म्हणजे सामान कोठे ठेवायचे, हा प्रश्न शोरूममध्ये कोणी विचारीत नाही. तिन्ही रांगा उभ्या असताना अर्टिगाच्या डिकीत सुमारे 209 लिटर जागा उरते. ट्रायबरमध्ये 84 लिटर, म्हणजे दोन-तीन हातपिशव्या. ट्रायबरची मागची आसने काढून ठेवता येतात आणि मग 625 लिटर जागा मिळते, पण तेव्हा ती गाडी पुन्हा पाच जणांची होते. सीएनजीची टाकी असेल तर डिकीचा मोठा भाग तीच व्यापते. छतावर कॅरिअर बसवावे लागणार असेल, तर त्याचा खर्च पहिल्याच दिवशी हिशेबात धरावा.

या जागेच्या टंचाईस कराचाही हातभार आहे. 22 सप्टेंबर 2025 पासून 4 मीटरपर्यंत लांबीच्या आणि 1200 सीसीपर्यंतच्या पेट्रोल, अथवा 1500 सीसीपर्यंतच्या डिझेल गाड्यांवर 18 टक्के, तर त्याहून मोठ्या गाड्यांवर 40 टक्के वस्तू व सेवा कर आहे. 4 मीटरहून किंचित आखूड असलेली ट्रायबर पहिल्या गटात बसते, सुमारे 4.4 मीटरची अर्टिगा दुसऱ्या. दोहोंतील फरक सुमारे चाळीस सेंटिमीटरचा. पण आजोबांची औषधांची पेटी, बाळाची दुपटी आणि परतीच्या वाटेवरील आंब्यांच्या पेट्या याच चाळीस सेंटिमीटरमध्ये बसतात. जे कुटुंब वर्षातून चार वेळा लांबचा प्रवास करते, त्याने केवळ करासाठी आखूड गाडी निवडू नये. ज्याचा प्रवास शहरातल्या शहरात, सर्वांना घेऊन देवळात किंवा दवाखान्यात जाण्यापुरता आहे, त्यास आखूड गाडीच सोयीची, आणि इमारतीखालच्या पार्किंगमध्ये ती निमूट उभीही राहते.

पाच आसनांत सात माणसे कोंबण्याची जुनी सवय आता सोडावयास हवी. 4 सप्टेंबर 2022 रोजी पालघर जिल्ह्यात झालेल्या अपघातात उद्योगपती सायरस मिस्त्री यांचे निधन झाले. ते मागच्या आसनावर होते आणि त्यांनी पट्टा लावलेला नव्हता, असे पोलिसांनी सांगितले होते. त्यानंतर काही दिवस मागच्या पट्ट्यांची सर्वत्र चर्चा झाली आणि विरली. मोटार वाहन कायद्याच्या कलम 194 ब नुसार चौदा वर्षांखालील मूल पट्ट्याविना किंवा बालआसनाविना बसविल्यास 1,000 रुपये दंड आहे. दंडाहून मोठी गोष्ट अशी, की मांडीवरचे मूल धक्क्याच्या क्षणी कोणत्याही आईच्या हातात राहत नाही. घरात जितकी माणसे तितके पट्टे, हा हिशेब धरला की सहा जणांच्या घरास पाच आसनांची गाडी अपुरीच ठरते. 1 ऑक्टोबर 2023 पासून देशात भारत एनकॅप ही सुरक्षा चाचणी सुरू झाली आहे. तिच्यात प्रौढ आणि बालक यांचे गुण स्वतंत्र दिले जातात. वाढत्या कुटुंबाने दुसरा आकडा आधी पाहावा.

आता कर्जाविषयी. वाढते कुटुंब वाढतच राहत नाही, ही गोष्ट खरेदीच्या उत्साहात विसरली जाते. आज आठ वर्षांचा असलेला मुलगा सात वर्षांनी पंधरा वर्षांचा होईल, शिकवणीचे कारण सांगून घरी थांबेल. थोरली कदाचित वसतिगृहात असेल. आजोबांच्या प्रवासाची वर्षे तर आजपासूनच मोजकी असतात. सात जण एकत्र बसण्याचा काळ बहुतेक घरांत चार-पाच वर्षांचा. कर्जाची मुदत त्याच काळाशी जुळली पाहिजे. समजा, 8 लाख रुपयांचे कर्ज 9 टक्के व्याजाने घेतले. 5 वर्षांसाठी मासिक हप्ता सुमारे 16,600 रुपये येतो आणि एकूण व्याज सुमारे 1 लाख 96 हजार होते. 7 वर्षांसाठी हप्ता सुमारे 12,870 वर उतरतो, पण व्याज 2 लाख 81 हजारांवर जाते. दरमहा पावणेचार हजारांच्या सवलतीसाठी सुमारे 85 हजार रुपये अधिक मोजले जातात, आणि शेवटची दोन वर्षे अर्ध्या रिकाम्या गाडीचे हप्ते भरले जातात.

पाच वर्षांचा हप्ता झेपत नसेल, तर मुदत वाढविण्यापेक्षा गाडीचा प्रकार एक पायरी खालचा घ्यावा. छतावरची काच, मिश्रधातूची चाके, मोठा पडदा यांवाचून कोणाचेही अडत नाही. मागच्या रांगेपर्यंत पोहोचणारी वातानुकूलनाची हवा, सर्व आसनांना पट्टे आणि पुरेशा एअरबॅगा यांवाचून मात्र अडते. चांगली राखलेली वापरलेली गाडीही येथे कमीपणाची नाही. "पुढे पगार वाढला की मोठी घेऊ" हा विचार मात्र फसवा. पगार वाढेल तेव्हा आजी प्रवास करू शकेल, याची हमी कोणी देत नाही.

बदलीच्या नोकरीतील ग्राहकांनी आणखी एक खर्च ध्यानात ठेवावा. वाहन दुसऱ्या राज्यात बारा महिन्यांहून अधिक काळ ठेवल्यास तेथे नवीन नोंदणी करावी लागते, कर पुन्हा भरावा लागतो आणि जुन्या राज्याकडून परतावा मागावा लागतो. गाडीवर कर्जाचा बोजा असेल, तर बँकेचे ना-हरकत पत्रही लागते. मोठ्या गाडीची किंमत अधिक, म्हणून हा करही अधिक. 2021 पासून सुरू झालेली बीएच मालिका शासकीय व संरक्षण सेवेतील, सार्वजनिक उपक्रमांतील, तसेच चार किंवा अधिक राज्यांत कार्यालये असलेल्या खासगी कंपन्यांतील कर्मचाऱ्यांस घेता येते. तिच्यात कर दोन-दोन वर्षांचा भरावयाचा असतो.

आजी-आजोबा गावीच राहतात आणि वर्षातून दहा-बारा दिवसच सर्व जण एकत्र फिरतात, अशा घराने मात्र सात आसनी वाहन घेऊ नये. तेवढ्या दिवसांपुरती इनोव्हा चालकासह भाड्याने आणावी आणि उरलेले साडेअकरा महिने आपल्या छोट्या गाडीतून कार्यालयास जावे.

ज्यांना घ्यायचीच आहे, त्यांनी शोरूममध्ये घरातील ज्येष्ठांना सोबत न्यावे. विक्रेता किल्ली चालविणाऱ्याच्या हाती देतो; प्रवासात कोणाला कोठे त्रास होईल, हे त्यास ठाऊक नसते. सासूबाईंना मधल्या रांगेत कोणाचाही हात न धरता चढू-उतरू द्यावे, नातवंडांना मागे बसवून अर्धा तास खराब रस्त्यावर फिरावे. पाय उचलताना त्यांना दाराचा आधार घ्यावा लागला, तर बाजूच्या पायरीची किंमत तेथेच विचारून ऑन-रोड किमतीत मिळवावी.