आयुक्तालयाचे बळ आधी रस्त्यावर हवे

रायपूर पोलीस आयुक्तालयाला मिळणारा प्रत्येक नवा शिपाई आधी बीटवर गेला पाहिजे, कार्यालयात नंतर. हे आमचे स्पष्ट मत आहे.

छत्तीसगडचे मुख्यमंत्री विष्णुदेव साय यांनी १५ ऑगस्ट २०२५ रोजी रायपूरसाठी आयुक्तालय व्यवस्थेची घोषणा केली, तेव्हापासून चर्चा अधिकारांचीच झाली. जमावबंदीचा आदेश आता कोण काढणार, हा प्रश्न महत्त्वाचा आहेच. पण प्रत्येक नव्या वरिष्ठ पदामागे वाचक, चालक, अंगरक्षक आणि टपाल सांभाळणारा लागतो. ही माणसे वेगळ्या भरतीतून आली नाहीत, तर ठाण्यांतूनच उचलली जातात आणि बीट ओस पडते. गोल बाजारातला दुकानदार रात्री शटर ओढून गल्ल्याची पिशवी काखेत धरतो, तेव्हा त्याला चौकात ओळखीचा हवालदार दिसायला हवा. ११२ क्रमांकाची पोलीस गाडी बोलावल्यावर येते; पण गल्लीत नवे कोण वावरते आहे, हे त्या हवालदाराला आधीच ठाऊक असते. ही माहिती कॅमेऱ्यात सापडत नाही.

पुणे आणि नागपूरमध्ये १९६५ पासून आयुक्तालये आहेत. बंदोबस्तात ठाणी कशी रिकामी होतात, हे तिथल्या नागरिकांना सांगावे लागत नाही.

आयुक्तांनी ठाणेनिहाय मंजूर पदे, हजर संख्या आणि अन्यत्र जोडलेले कर्मचारी दर तिमाहीला जाहीर करावेत. जोडलेल्यांना मूळ ठाण्यात परत पाठवल्याशिवाय शासनाने एकही नवे कार्यालयीन पद मंजूर करू नये.