बसल्यावर दुखतं, मग एक्स-रे झोपवून का?

माकडहाडाच्या दुखण्याने हैराण झालेला रुग्ण बहुतेक वेळा स्त्री असते, आणि ती 'कंबर दुखते' एवढंच सांगते. नेमकी जागा दाखवायला तिला संकोच वाटतो, विचारायला आपल्याला. मग कमरेचा एमआरआय होतो, त्यात एखादी गादी सरकलेली दिसतेच आणि उपचार भलत्याच मणक्यावर सुरू होतात.

'कोक्सिडायनिया' हे नाव सिम्प्सन यांनी १८५९ मध्ये दिलं. दुखणं बसल्यावर आणि उठताना वाढतं, हे आपण सगळेच शिकलो. तरी एक्स-रे मात्र झोपवून काढतो. पॅरिसचे ज्याँ-इव्ह मेन्य यांनी उभ्याने आणि बसून असे दोन लॅटरल एक्स-रे ताडून पाहण्याची रीत घालून दिली. बसल्यावर हाड २५ अंशांहून जास्त वाकतं की मागे सरकतं, हे त्यात कळतं. त्यासाठी लागतं एक स्टूल, आणि रेडिओग्राफरशी दोन मिनिटांचं बोलणं.

उपचारांत आपली पहिली चूक उशीची. मधे भोक असलेल्या गोल उशीची मागची कड नेमकी माकडहाडाखाली येते. हवी ती मागे खाच असलेली, पुढे उतरती उशी. दुसरी चूक बाळंतिणींच्या बाबतीत होते. ओटीपोटाच्या तळाचे स्नायू आधीच आवळलेले असतात आणि आपण वर किगल शिकवतो! तिथे स्नायू सैल सोडायला शिकवायला हवं. बद्धकोष्ठाची चौकशीही राहून जाते.

गुदमार्गे हाताने करायच्या उपचाराबद्दल फार मोठे दावे ऐकू येतात. मेन्य यांच्याच २००६ च्या चाचणीत महिन्याभराने ३६ टक्के रुग्णांना चांगला गुण आला, तुलनेच्या गटात २० टक्क्यांना. सहा महिन्यांनी २२ आणि १२. हा फरक संख्याशास्त्राच्या कसोटीला उतरला नाही. करून पाहायला हरकत नाही, पण स्पष्ट संमती घेऊन आणि स्त्री-सहायक हजर ठेवूनच.

बहुतेकांना एवढ्यावर आराम पडतो. न पडल्यास स्टिरॉइडचं इंजेक्शन किंवा गँग्लिऑन इम्पार ब्लॉक. हाड काढणं अगदी शेवटी, कारण जखम गुदद्वाराजवळ असल्याने जंतुसंसर्गाची भीती मोठी. रात्री झोपेतून उठवणारं दुखणं, घटतं वजन किंवा हाताला लागणारी गाठ असेल, तर मात्र उशी-व्यायामात दिवस न घालवता एमआरआय करा.

पुढच्या रुग्णाच्या केसपेपरवर 'लॅटरल, उभ्याने व बसून' एवढं लिहा आणि काय दिसलं ते आम्हाला कळवा.