आधी तिचा गळा ऐका

आमच्या जुन्नर तालुक्यात विठाबाई नारायणगावकरांचे नाव काढले, की पाठोपाठ एक गोष्ट येतेच. दिवस भरलेले असताना विठाबाई बोर्डावर नाचत होत्या, कळा सुरू झाल्या, त्या मागे कनातीत गेल्या, बाळंत झाल्या, दगडाने नाळ ठेचली आणि पुन्हा लोकांसमोर उभ्या राहिल्या. पोट दिसेना तेव्हा लोकांनी चौकशी केली आणि मग मानाने खेळ थांबवला. बेल्ह्याच्या सोमवारच्या बाजारात कुणा जाणत्या माणसाला विचारा, ही गोष्ट सांगेल. पण विठाबाई गायच्या कशा, असे विचारा. "लई भारी," एवढे म्हणून तो मोकळा होईल.

सांगणाऱ्यांचा आदर खरा असतो, त्याला मी नावे ठेवत नाही. तरी मैत्रिणींनो, एका बाईच्या हयातभराच्या कलेतून आपण नेमकी तिची कूस तेवढी लक्षात ठेवली, हे मला खटकते. आणि त्या कुशीचासुद्धा पुरता विचार केला नाही. दिवस भरलेल्या बाईला नाचावे का लागत होते? सुपारी घेतलेली, फडातल्या सगळ्यांची पोटे त्या एका खेळावर. हा प्रश्न विचारला की गोष्टीतला चमत्कार संपतो, म्हणून तो कुणी विचारत नाही.

हे सगळे वर आले ते एका परदेशी बाईची गाणी ऐकताना. नीना सिमोन ही अमेरिकेतली कृष्णवर्णीय गायिका. गुलाम म्हणून नेलेल्या आफ्रिकन माणसांच्या वंशजांनी घडवलेले जाझ आणि त्यांच्या चर्चमधल्या भजनांच्या वळणाने आलेले सोल, या दोन्ही प्रकारांत तिचे नाव घेतात. २००८ साली तिच्या गाण्यांचा 'टू बी फ्री' हा संच निघाला. तीन सीडी आणि एक चित्रफीत. १९५० च्या दशकातल्या पहिल्या गाण्यांपासून १९९३ च्या शेवटच्या अल्बमपर्यंतचा आवाज त्यात ओळीने ऐकायला मिळतो.

नीना १९३३ ची, विठाबाई १९३५ च्या. विठाबाई २००२ मध्ये गेल्या, नीना २००३ मध्ये. एकमेकींचे नावही कानावर गेले नसेल.

नीनाचे खरे नाव युनीस वेमन. तिला पियानोवर शास्त्रीय संगीत वाजवायचे होते. १९५१ मध्ये फिलाडेल्फियाच्या कर्टिस संस्थेने प्रवेश नाकारला, तो कातडीच्या रंगामुळे, असे ती शेवटपर्यंत म्हणत राहिली. त्याच संस्थेने तिला मानद पदवी दिली, ती मरणाच्या दोन दिवस आधी. पोटासाठी ती दारूच्या गुत्त्यात वाजवू लागली. मालक म्हणाला, गाणेही म्हणायचे, नाहीतर नोकरी नाही. आई धर्मोपदेशक, तिला कळू नये म्हणून हिने नाव बदलले. आमच्या विठाबाईंना ती सोय नव्हती. 'विठाबाई भाऊ मांग नारायणगावकर' असे फडाच्या पाटीवर बापाचे नाव, जात आणि गाव सगळे उघडे लिहिलेले असे. हे लपवणे आणि ते मिरवणे, यांत जास्त अवघड काय, हे मी ठरवू शकत नाही.

संच ऐकताना मोठेपणा कळतो तो आवाजाच्या प्रवासातून. सुरुवातीच्या प्रेमगीतांत मध्येच पियानो शास्त्रीय वळण घेतो. नाकारलेली विद्या तिने गुत्त्यातल्या गाण्यात आणून बसवली. मग १९६३ येते. बर्मिंगहॅमच्या चर्चमध्ये बाँब फुटून चार मुली मेल्या, आणि हिने 'मिसिसिपी गॉडॅम' लिहिले. चाल उडती, नाटकातल्या गमतीच्या गाण्यासारखी. १९६४ च्या मैफलीतले श्रोते सुरुवातीला हसतात, ते ऐकू येते. पुढे हसू बंद पडते, तेही ऐकू येते. तमाशातली बतावणी ज्यांनी पाहिली आहे त्यांना ही युक्ती ओळखीची वाटेल: आधी हसवायचे, मग चावायचे. शेवटच्या गाण्यांत आवाज थकलेला, खरखरीत. तो कुणी गाळला नाही, हे मला फार आवडले. बाईचा म्हातारा आवाज आपल्याकडे कोण जपून ठेवतो?

आमच्या गटात हा संच लावला तेव्हा इंग्रजी कुणालाच धड कळत नव्हते. एक जण म्हणाली, "ही गातेय का भांडतेय?" दुसरीला त्या जाड आवाजाचेच नवल. बाईने असे गायलेले चालते?

नीनाबद्दलही गोष्टी आहेतच. तिचा राग, तिचा आजार, व्यवस्थापक असलेल्या नवऱ्याची मारहाण. ती मारहाण तिने स्वतः आत्मचरित्रात लिहिली आहे, त्यामुळे झाकून ठेवायचे काही नाही. पण गोष्टी सांगणाऱ्याला आपण म्हणू शकतो, थांब बाबा, आधी हे ऐक. विठाबाईंच्या बाबतीत समोर काय ठेवायचे? १९५७ आणि १९९० मध्ये राष्ट्रपतींकडून गौरव झाला. अखेरच्या आजारपणाचे बिल मात्र देणगीदारांनी भागवले. आता राज्य सरकार त्यांच्या नावाने तमाशा कलावंतांना पुरस्कार देते, ते चांगलेच आहे. पुरस्काराला आवाज नसतो, एवढेच.

लावणीचा आवाज जपलाच नाही, असेही नाही. सुलोचना चव्हाण यांच्या लावण्या रेडिओने घराघरांत नेल्या. त्यांचे गाणे मोठे, त्याबद्दल वादच नाही. पण त्या ध्वनिमुद्रणाच्या खोलीत गायल्या, डोक्यावर पदर घेऊन. बोर्डावर नाचत, ढोलकीशी झुंजत, हजारो माणसांच्या शिट्ट्यांवरून आवाज फेकणाऱ्या बाईचे गाणे माजघरात येऊ द्यायला आपण कचरलो. त्यात सुलोचनाबाईंचा दोष नाही, आपला आहे.

काही जाणकार म्हणतात, तमाशा ही रात्रीची कला, डबीत भरली की मरते. मला हे पटत नाही. नीनाच्या संचात मैफलीतलीही गाणी आहेत, लोकांशी बोलणे, टाळ्या, सगळे आहे, आणि ते जिवंत वाटते. आपला संच करायचा तर नुसत्या चार लावण्या नकोत. गवळण हवी, बतावणी हवी, वगातले संवाद हवेत, ढोलकी आणि हलगी कुणाची ते लिहिलेले हवे. आणि पैसे कलावंतांच्या घरी गेले पाहिजेत. नीनाने पहिल्या अल्बमचे हक्क तीन हजार डॉलरला देऊन टाकले आणि पुढे जन्मभर हळहळली.

सामग्री सरकारी कचेरीपेक्षा लोकांच्या घरांत सापडण्याचा संभव अधिक. यात्रेत कुणी टेप चालू ठेवला असेल, कुणी बाजारातून कॅसेट आणली असेल. ती आता पोटमाळ्यावर, फीत गुंतलेली, नाहीतर पोराने खेळायला घेतलेली. फीत दरवर्षी खराब होते आणि ओळखणारे कानही कमी होत चालले आहेत. गुढीपाडव्याच्या सुमारास नारायणगावात फडांच्या राहुट्या लागतात, गावोगावची यात्रा कमिटीची माणसे सुपारी द्यायला येतात. जुने ढोलकीवाले, सोंगाडे, एके काळी नाचलेल्या बाया, सगळे तिथे भेटतात. विचारायला तीच जागा. तोवर बेल्हे, आळे, ओतूर, मंचर इकडच्या ज्या मैत्रिणींच्या घरी कुठल्याही तमासगिरणीची कॅसेट असेल, त्यांनी ती टाकू नये. वर गावाचे नाव, यात्रेचे साल आणि गाणारीचे नाव लिहून ठेवावे. साल आठवत नसेल तर घरातल्या म्हाताऱ्या बाईला विचारावे. पोरगी त्या वर्षी रांगत होती की चालत होती, यावरून ती बरोबर सांगते.